अनोळखी शहर आणि न सुटणारी भीड

‘मला मुंबई एकटीने बघायची आहे, पण धीर होत नाही. काय काळजी घेऊ?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या असतात. घर आणि नोकरी त्यांनी समर्थपणे सांभाळलेली असते, तरीही महानगराच्या स्थानकावर एकटीने उतरण्याच्या कल्पनेने त्यांची झोप उडते. अशाच एका शिक्षिकेची हकिगत त्यांच्या संमतीने इथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि विद्यार्थी त्यांना ‘बाई’ म्हणत असल्याने मीही त्यांना तसेच म्हणेन.

बाई परभणी जिल्ह्यातल्या. दादरला त्यांच्या मामेबहिणीचे घर होते आणि चार दिवस राहायला येण्याचे तिचे आमंत्रणही होते. बहिणीला नोकरीमुळे सोबत फिरता येणार नव्हते. वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, घारापुरीची लेणी आणि गिरगावातल्या जुन्या वाड्या एवढे सगळे बाईंना मनासारखे, कोणाच्या घाईशिवाय बघायचे होते. मात्र तिकीट काढायची वेळ आली की त्या ते पुढे ढकलत. रोज रात्री मोबाइलवर चोरीच्या आणि फसवणुकीच्या चित्रफिती बघत, आणि वहीत काळजीच्या सूचना उतरवून घेत. ती वही त्या सोबत घेऊन आल्या होत्या. त्यात पुष्कळ शहाणपणाच्या गोष्टी होत्या, परंतु यादी जितकी लांबत गेली होती तितकी भीतीही वाढत गेली होती, हे त्यांच्याच बोलण्यातून दिसत होते.

अशा वेळी मी नव्या सूचना देण्याआधी जुना अनुभव विचारते, कारण एवढी भीती बहुधा कुठल्या तरी प्रसंगाला धरून असते. बाईंच्या बाबतीत तो प्रसंग काही वर्षांपूर्वीचा निघाला. प्रशिक्षणासाठी त्या मुंबईला गेल्या होत्या. गाडीतून उतरताच एका माणसाने ‘आज लोकल बंद आहेत, ताई’ असे म्हणत त्यांची बॅग उचलली, त्यांना स्थानकाबाहेरच्या एका गाडीत बसवले आणि थोड्याशा अंतरासाठी अवाच्या सवा पैसे घेतले. इजा झाली नाही आणि रक्कमही परवडण्यापलीकडची नव्हती. तरी बाईंनी हे घरी कधीच सांगितले नाही आणि त्यानंतर एकटीने लांबचा प्रवास केला नाही.

मी त्यांना तो प्रसंग अगदी सावकाश, क्षणाक्षणाने पुन्हा सांगायला लावला. बॅगेला हात लागला तेव्हा मनात काय आले? ‘हे बरोबर नाही.’ समोरच्या फलाटावर लोकल येऊन थांबलेली दिसली तेव्हा? ‘हा खोटे बोलतो आहे.’ गाडीत मीटर चालू नाही हे लक्षात आले तेव्हा? ‘आता उतरावे.’ म्हणजे प्रत्येक टप्प्यावर त्यांना धोका वेळेत कळला होता. मग थांबवले कशाने, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तो इतकं ताई ताई करत होता, तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि मी उगाच संशय घेत असले तर?’

हकिगतीचे मर्म या उत्तरात आहे. बाईंना मुंबईची माहिती कमी पडली नव्हती, त्यांना भीड नडली होती. लहान गावात सगळी माणसे ओळखीची असतात. तिथे कोणाचा शब्द तोडणे, मदतीचा हात झिडकारणे हा उद्धटपणा मानला जातो आणि आपल्याकडे मुलींना हे वळण विशेष कसोशीने लावले जाते. फसवणारा माणूस नेमका या वळणावर विसंबून असतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण बाई वर्गात शिकवत आल्या होत्या, आणि तरीही ती स्वतःला लागू करण्याची परवानगी त्यांना कोणीतरी द्यायला हवी होती. ती मी दिली. शहरात अनोळखी माणसाला रुक्षपणे नकार दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. समोरचा खरोखर सज्जन असेल तर तो एका ‘नको’नंतर बाजूला होतो. जो होत नाही, त्याने स्वतःची ओळख स्वतःच करून दिलेली असते.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही नकाराचा सराव केला. मी टॅक्सीवाला झाले, वाटाड्या झाले, ‘तुम्ही आमच्याकडच्याच का?’ म्हणत जवळीक साधणारा गृहस्थही झाले. सुरुवातीला बाई प्रत्येक नकाराला कारण जोडत होत्या: ‘नको, मला बहीण न्यायला येणार आहे.’ त्यावर मी लगेच विचारी, ‘कुठे उभी आहे बहीण? तोवर बसा की!’ कारण दिले की समोरच्याला ते खोडायला जागा मिळते, हे त्यांना असे प्रत्यक्ष कळले. शेवटी ‘नको, माझं ठरलेलं आहे’ हे एकच वाक्य ठरले. ते चालता चालता म्हणायचे, पुन्हा म्हणावे लागले तर तेच शब्द वापरायचे आणि आवाज चढवायचा नाही. बॅगेला हात लागला तर मात्र आवाज जरूर चढवायचा, आजूबाजूच्यांनी वळून बघावे इतका.

मग एक नियम आम्ही ठरवला, जो मी प्रत्येक प्रवाशाला सांगते: मदत घ्यायची, पण मदत करणारा माणूस आपण निवडायचा. गर्दीतून आपण होऊन निवडलेली व्यक्ती, म्हणजे महिलांच्या डब्यातली नोकरदार बाई, औषधांच्या दुकानातला विक्रेता, तिकीट तपासनीस किंवा गणवेशातला पोलीस, ही बहुतेक वेळा खरे तेच सांगते. आपल्याला हेरून जवळ आलेल्या माणसाबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. मुंबईत वाट विचारण्यात कमीपणा नाही. शहर इतके मोठे आहे की तिथे जन्मलेली माणसेही फलाटावर ‘ही फास्ट आहे का?’ असे एकमेकांना विचारत असतात.

भिडेबरोबर आणखी एक गाठ सोडवायची होती, आणि ती घरातली होती. आपण फसलो हे बाईंनी घरी का सांगितले नाही? ‘म्हणूनच सांगत होतो, एकटी जाऊ नको’ हे ऐकावे लागले असते म्हणून. माझ्या अनुभवात हे एक वाक्य फार नुकसान करते. त्याच्या धाकाने माणसे लहानशी फसवणूक लपवतात आणि मोठे संकट आले तरी वेळेत फोन करत नाहीत. म्हणून मी बाईंच्या मुलाला एका भेटीला बोलावून घेतले. दर तासाला फोन करावा आणि दिवसभर मोबाइलवरून ठिकाण कळत राहावे, असा त्याचा आग्रह होता. काळजी खरी होती, पण सतत फोनकडे बघणाऱ्या माणसाचे रस्त्याकडे लक्ष राहत नाही आणि दुपारपर्यंत बॅटरीही उतरते. अखेर असे ठरले की दुपारी जेवताना आणि संध्याकाळी घरी परतल्यावर असे दोनच फोन होतील, दिवसाचा बेत सकाळी मामेबहिणीला सांगितलेला असेल, आणि काहीही घडले तरी मुलगा ते वाक्य उच्चारणार नाही. हा शब्द त्याने आईला माझ्यासमोर दिला. माझ्या मते वहीतल्या सगळ्या सूचनांपेक्षा याचा उपयोग अधिक झाला.

वही आम्ही टाकून दिली नाही, चाळून घेतली. एकदा करून विसरता येते ती खबरदारी ठेवायची आणि दिवसभर मनात घोळवावी लागते ती काढायची, ही माझी कसोटी आहे. मोबाइलवर *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून घरी ठेवला. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. पैसे दोन ठिकाणी विभागले. पोलिसांसाठी ११२, मुंबईत महिलांसाठी १०३, रेल्वेसाठी १३९ आणि पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवले. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ही तरतूद स्पष्ट शब्दांत आहे, हे कळल्यावर बाईंना मोठा दिलासा मिळाला. चोरीच्या चित्रफिती बघणे मात्र पूर्ण थांबवायला सांगितले.

सरावाची सुरुवात गावच्या बाजारात झाली. गळेपडू विक्रेत्याला कारण न देता नकार द्यायचा, एवढेच पहिल्या आठवड्याचे काम होते. नंतर त्या रेल्वेने एकट्याच नांदेडला गेल्या, गुरुद्वारा बघितला आणि संध्याकाळी परत आल्या. पोटात गोळा आला होता, पण दुपारनंतर तो आपोआप विरला. भीतीला वेळ दिला आणि पळ काढला नाही तर ती उतरते, हा अनुभव शरीराला एकदा यावा लागतो. तो नुसत्या बोलण्याने देता येत नाही.

मुंबईला जाताना त्यांनी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस निवडली, म्हणजे पोहोचायला सकाळ होते. नव्या शहरात उजेडी उतरावे, हा माझा आग्रह असतो. दादरला फलाटावर बॅगेकडे एक हात आलाच. ‘नको, माझं ठरलेलं आहे’ हे वाक्य तीनदा म्हणावे लागले आणि तो माणूस दुसऱ्या प्रवाशाकडे वळला. तिथून टॅक्सीत बसताना त्यांनी मीटर चालू करायला सांगितले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये झाले आणि रिक्षा वांद्रे व शीव यांच्या पुढे दक्षिणेकडे जात नाहीत, एवढी माहिती त्यांनी आधीच करून घेतली होती. भाड्याचा अंदाज असला की नकाराला बळ येते.

लोकलसाठी आम्ही सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ ठरवली होती. सकाळी चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे, संध्याकाळी उलट दिशेला, अशी गर्दी असते. तिच्यात नवख्याने शिरण्याचे कारण नाही. दारात उभे राहून फोन हातात धरायचा नाही, हेही सांगितले होते, कारण रुळांलगत उभे राहून प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारायचा आणि पडलेला फोन पळवायचा, ही तिथली ठाऊक असलेली पद्धत आहे. फोन वाचवण्याच्या धडपडीत तोल गेला तर फोनपेक्षा फार मोलाचे काही जाते.

दुसऱ्या दिवशी गिरगावला जाण्यासाठी चर्नी रोडला उतरायचे असताना बाई जलद लोकलमध्ये बसल्या आणि थेट चर्चगेटला पोहोचल्या. पूर्वी अशा वेळी त्या घाबरून घरी परतल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी डब्यातल्या एका बाईला विचारले आणि तिने सांगितल्याप्रमाणे धिम्या गाडीने परत फिरून चर्नी रोड गाठले. वाट चुकणे आणि धोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिंतेच्या भरात मनाला त्या एकच वाटतात.

कुलाब्यात कडेवर मूल असलेल्या एका स्त्रीने त्यांच्याकडे पैशांऐवजी दुधाची पावडर मागितली. अशी पावडर अनेकदा पर्यटकाची पाठ वळताच दुकानात परत जाते, हे त्यांना माहीत होते, तरी त्यांचा जीव कासावीस झाला. फोनवर त्यांनी मला विचारले की नाही म्हणताना आपण निष्ठुर तर झालो नाही ना? मी त्यांना सांगितले की दान करायचेच असेल तर कुठे, किती आणि कोणाला हे शांतपणे ठरवून करावे. रस्त्यात ओशाळून पैसे काढून दिले तर ते दान राहत नाही. कोमल मन टिकवून नकार देता येतो, आणि हा धडा बाईंना सगळ्यात जड गेला.

घारापुरीला जाताना भीड सोडणे जिवाशी निगडित होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून डझनाहून अधिक माणसे दगावली, हे सर्वांना आठवत असेल. त्यानंतर जीवरक्षक जाकीट घालण्याबद्दल कडक सूचना निघाल्या. तरी बोटीत काही प्रवाशांनी ते नुसते बाजूला ठेवले होते. बाईंनी ते घातले, पट्टे आवळले आणि शेजारच्या कुटुंबातल्या मुलांनाही घालायला लावले. चारचौघांत आपण एकट्याच वेगळ्या दिसू, हा संकोच त्यांनी बाजूला सारला. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून त्यांनी मंगळवार धरला होता. हाच बेत पावसाळ्यात आखणाऱ्यांनी भरतीची वेळ आधी बघावी. मरीन ड्राइव्हचा कठडा, वांद्र्याचे खडक किंवा हाजी अलीची वाट इथे उधाणाच्या वेळी लाटांच्या जवळ जाणे खरोखर घातक आहे, आणि पाहुण्यांना चोरांची जेवढी भीती वाटते तेवढी समुद्राची वाटत नाही.

बाईंची भीती फसवणुकीच्या एका प्रसंगातून आणि जन्माच्या भिडेतून आलेली होती, म्हणून सरावाने ती आटोक्यात आली. ज्यांच्यावर प्रवासात हल्ला झाला आहे, अंगाला हात लावला गेला आहे, ज्यांना तो प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतो किंवा नुसत्या गर्दीच्या आवाजाने धडधड सुरू होते, त्यांनी हा सराव स्वतःच्या बळावर करू नये आणि घरच्यांनीही त्यांना ‘एकदा जाऊन ये, भीती मोडेल’ असे म्हणून पाठवू नये. त्यांना आधी उपचारांची गरज असते. जवळ तज्ज्ञ नसेल तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री विनामूल्य बोलता येते आणि तिथे मराठीतूनही संवाद होतो. स्त्रियांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. प्रवासाचा विचार त्यानंतर, उपचार करणाऱ्याशी बोलून, स्वतःला झेपेल त्या टप्प्याने करावा.