आजोबांच्या ट्रंकेतल्या पदकावर ५९२१ साल कसं? मोडीत द्यावं का?

आजोबांच्या ट्रंकेत गुण्या (काटकोन पाहायचं गवंड्याचं हत्यार) आणि परकार कोरलेलं चांदीचं पदक सापडलं, त्यावर ५९२१ साल आहे आणि सराफ ते मोडीत मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका.

हे फ्रीमेसन मंडळींचं पदक आहे. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं चिन्हं म्हणून वापरणारी एक बंधुसंघटना, तिची शाखा म्हणजे लॉज. सालही चुकलेलं नाही. सृष्टीत पहिला उजेड इसवी सनाच्या ४००० वर्षं आधी पडला, असं धरून ते साल मोजत. ४००० वजा करा, १९२१ येतं.

मी सोलापूरचा, वडील गवंडी. लहानपणी मंगळवार बाजारात एका पथारीवर असंच पदक पाहिलं होतं. वडिलांना त्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून म्हणाले, "हा गुण्या, अन् हा परकार. कुणा गवंड्याचं असणार." पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, मूळ त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १७१७ साली लंडनमध्ये ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मुख्य संस्था, स्थापन झाली तोवर सभासदांत दगड घडवणारे फारसे उरले नव्हते. त्यांची हत्यारं मात्र चिन्हं म्हणून राहिली.

हत्यारावरून हुद्दा कळतो. नुसता गुण्या असेल तर लॉजचा मास्टर म्हणजे प्रमुख, पाणसळ (पातळी पाहायचं हत्यार) असेल तर त्याच्या खालचा सीनियर वॉर्डन, ओळंबा (उभी रेघ सरळ आहे का ते पाहायचा) असेल तर ज्युनियर वॉर्डन. किल्ली खजिनदाराची, एकमेकींवर ठेवलेल्या पिसाच्या लेखण्या चिटणिसाच्या. गुण्याखाली पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती लोंबत असेल, तर ते इंग्लिश पद्धतीतल्या माजी मास्टरचं. गुण्या आणि परकार एकत्र ही मात्र साऱ्यांचीच खूण. गुण्या म्हणजे सरळ वागणूक, परकार म्हणजे इच्छांना घातलेली मर्यादा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पाणसळ. तिचा अर्थ, इथे सगळे एका पातळीवर. पण मुंबईच्या गोऱ्या लॉजांनी पारशी समाजसुधारक माणकजी कर्सेटजींना आत घेतलं नाही, त्यांना पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. मग १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या सनदेवर मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज निघाली, भारतीय लोकांसाठी. म्हणूनच भारतीय माणसाच्या ट्रंकेत निघालेलं पदक मला वितळवू नयेसं वाटतं.

आता भिंग घेऊन कडेचे बारीक ठसे बघा. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचा ठसा, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनचा. रांगोळी किंवा टूथपावडरने अजिबात घासू नका. मुलामा आणि मीनाकाम जातं, कोरीव अक्षरं बुजतात. फीत जीर्ण असली तरी काढू नका.

मागच्या बाजूला पुष्कळदा नाव, लॉज आणि तिचा क्रमांक कोरलेला असतो. तिरप्या उजेडात धरून तेवढा फोटो इथे टाका. क्रमांक वाचता आला, तर आजोबा कुठल्या गावच्या लॉजमध्ये जात होते ते शोधता येईल.