चंद्राआड तारा जातो, त्यात बघण्यासारखं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: "ॲपवर अधूनमधून 'आज चंद्र अमुक ताऱ्याला झाकणार' असं येतं. ते बघायला दुर्बीण लागते का, कोणती घ्यावी, आणि मुळात त्यात बघण्यासारखं काय? तारा दिसेनासा होतो, एवढंच ना?"

ते शेवटचं 'एवढंच ना' नसतं तर मी दोन ओळी लिहून मोकळी झाले असते.

दुर्बिणीचं आधी उरकते. चंद्राच्या वाटेवर पहिल्या प्रतीचे, म्हणजे खूप तेजस्वी, चारच तारे येतात (प्रतीचा आकडा वाढेल तसा तारा फिका): रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. त्यांचं पिधान, म्हणजे चंद्राआड जाणं, नुसत्या डोळ्यांनीही कळतं, पण चंद्राच्या चकाकीत शेवटची दोन-चार मिनिटं तारा हातचा जातो, म्हणून साधा बायनॉक्युलर तरी हवाच. कृत्तिकांसाठी तर बायनॉक्युलरसारखं काही नाही. शुक्ल पक्षात तारा चंद्राच्या अंधाऱ्या कडेआड जातो, वद्य पक्षात अंधाऱ्या कडेतून बाहेर येतो. नवख्याने शुक्ल पक्ष धरावा, कारण तारा जाईपर्यंत डोळ्यांसमोर असतो. महागडी दुर्बीण घेऊ नका. घेतलेली असेल तर तिचं कौतुक मला सांगू नका.

आता 'एवढंच'बद्दल. पहिल्यांदा बघणारे लोक तारा हळूहळू मंद होईल अशी वाट बघत बसतात आणि हमखास फसतात. तारा असतो आणि नसतो, मधलं काही नाही. चंद्राला हवा नाही आणि तारा इतका लांब की त्याचा नुसता बिंदू उरलेला, त्यामुळे विरत जाण्याचा प्रश्नच येत नाही. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर पुढे सरकतोय हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ते असं अंगावर येणं वेगळं. तारा चंद्राच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला नुसता चाटून जात असेल तर आणखी मजा: डोंगराआड जातो, दरीतून डोकावतो, परत जातो. एकमेकांपासून काहीशे मीटरवर उभ्या असलेल्या दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि दोघंही बरोबर असतात.

दोघंही बरोबर असू शकतात, हे आमच्या सरांना कधी पटलं नाही.

चंद्र काही वर्षं दर फेरीत ज्येष्ठेला झाकतो, मग कित्येक वर्षं नाही. तिच्या पिधानांची मागची मालिका 2005 ते 2010 अशी चालली. त्यातली एक थंडीची पहाट. वद्य एकादशीच्या सुमाराची कोर, उजेडाची बाजू पूर्वेला, बाकीचा चंद्र पृथ्वीप्रकाशात राखेच्या रंगाचा. गच्चीवर आम्ही सहा जण आणि सर. बाकी पाच जणांकडे बायनॉक्युलर, सरांकडे घड्याळ आणि वही. त्यांची मोठी दुर्बीण घरीच होती, कारण ती उचलायला दोघं लागत. आठ सेंटिमीटर तोंडाची एक जुनी दुर्बीण माझ्या वाट्याला आली, कारण तिच्या ट्रायपॉडचा एक पाय घसरायचा आणि ती कुणालाच नको होती. मी त्या पायाखाली चप्पल घातली होती.

ज्येष्ठा उजेडाच्या कडेआड गेली ते कुणालाच धड दिसलं नाही. खरं काम बाहेर येतानाचं. त्यात रिकाम्या जागेकडे डोळा लावून बसायचं असतं आणि जागा चुकली की संपलं. मी आदल्या दिवशी कागदावर वर्तुळ काढून, घड्याळाच्या आकड्यांसारखं, तारा किती वाजताच्या जागी उगवणार ते लिहून ठेवलं होतं. श्वासाने आयपीसवर बाष्प धरत होतं म्हणून तोंड बाजूला वळवून श्वास सोडत होते.

आणि एकदम तिथे एक बारीक ठिपका उमटला. मी "आली!" म्हणून ओरडले, सरांनी वेळ लिहिली. ज्येष्ठा इतकी फिकी कशी, एवढं मनात येतंय तोच त्या ठिपक्याला खेटून लाल ठिणगी पडली आणि बाकीचे पाचही जण एकदम ओरडले. मध्ये सात सेकंद. पहिला ठिपका मला हिरवट वाटला होता, पण रंगावर मी शपथ घेणार नाही.

"अगं, घाई केलीस," सर म्हणाले.

"सर, आधी एक बारीक आली, मग ही."

"एकटक बघितलं की डोळ्यांपुढे ठिपके येतात."

मी म्हटलं, ज्येष्ठेचा जोडीदार असेल, तिला खेटून असलेला फिका तारा. तेव्हा ते हसले. "तो दिसायला माझी पंधरा सेंटिमीटरची दुर्बीण कुंथते, आणि तुला या खेळण्यातून दिसला?" बाकीचेही हसले. सरांनी माझ्या ओळीवर लाल पेनाने रेघ ओढली आणि पुढे 'चूक' लिहिलं. लाल पेन त्यांनी गच्चीवर कशासाठी आणलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं माझाही समज हाच, की मी घाई केली. मग एकदा भांडी घासता घासता डोक्यात उजेड पडला. ज्येष्ठेचा जोडीदार साडेपाचव्या प्रतीच्या आसपासचा आहे, म्हणजे काही फार क्षीण नाही. काळोखात एकटा सापडला तर आठ सेंटिमीटरच्या दुर्बिणीत सहज दिसतो. तो दिसत नाही तो ज्येष्ठेमुळे: ती त्याच्यापेक्षा पन्नासपटीहून जास्त तेजस्वी आणि अंतर तीन विकलांहूनही कमी (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). सरांची मोठी दुर्बीण कुंथायची ती या चकाकीपायी. पण त्या सात सेकंदांत ज्येष्ठा होती कुठे? चंद्राआड. जोडीदार तिच्या पश्चिमेला आहे. चंद्र पूर्वेकडे सरकतो, म्हणून पश्चिमेची कड आधी त्याला मोकळा करते आणि मग तिला. चंद्राची कड सेकंदाला अर्धा विकला किंवा थोडी कमीच सरकते. तुम्हीच भागाकार करा. खेळण्यातून मला जे दिसलं ते मोठ्या दुर्बिणीला दिसत नव्हतं, कारण माझ्या दुर्बिणीपुढे चंद्राने हात धरला होता.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. मुळात हा जोडीदार सापडलाच असा. 13 एप्रिल 1819 ला व्हिएन्नात योहान टोबियास ब्युर्ग ज्येष्ठेचं पिधान बघत होता, त्याला आधी एक फिका तारा आणि काही सेकंदांनी झगझगीत ज्येष्ठा दिसली. त्याच्या वहीवर कुणी लाल रेघ ओढली नाही.

आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या रेडिओवाल्यांनी तर यावर अख्खी दुर्बीण बांधली, पण ती नंतर. 1962 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीने 3सी 273 नावाचा रेडिओ स्रोत चंद्राआड जाताना टिपला. त्या दुर्बिणीची एकटीची नजर इतकी बारीक नव्हती, पण चंद्राच्या कडेने काम केलं: स्रोत एक नसून त्याचे दोन भाग आहेत हे कळलं, जागा नेमकी मिळाली आणि त्यातूनच पुढच्या वर्षी क्वेसार (ताऱ्यासारखे दिसणारे, पण अतिशय दूरचे आणि प्रचंड तेजस्वी स्रोत) म्हणजे काय हे उलगडलं. नंतर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीला 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण उभारली ती मुख्यतः चंद्राच्या पिधानांसाठीच. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा निवडला, म्हणजे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर येतो आणि ती एकाच आसाभोवती फिरवून स्रोताच्या मागे तासन्‌तास जाता येतं. 1970 पासून ती चालू आहे.

हे सगळं मी एका लग्नात सरांना गाठून ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जोडीदार दिसला असेलही. पण आपण ज्येष्ठेची वेळ घेत होतो, म्हणजे तुझी नोंद सात सेकंदांनी चूकच." मला त्यावर तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय: सर, मग त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहायची, पहिली खोडायची नाही.

म्हणून तुम्हाला एकच सांगते, दुर्बिणीपेक्षा वहीची काळजी करा. दिसलं ते, दिसलं तसं आणि दिसलं तेव्हा लिहा. अर्थ दुसऱ्या दिवशी लावता येतो. तारा दोन टप्प्यांत गेला असं वाटलं तर 'दोन टप्पे' लिहा, मग शेजारचा कितीही हसो.

हे आधी सांगायला हवं होतं: वेळ तुमच्या स्वतःच्या जागेची काढा. चंद्र इतका जवळ आहे की दुसऱ्या शहरासाठी छापलेली वेळ तुम्हाला कित्येक मिनिटं चुकवेल, कधी कधी तर तुमच्याकडे पिधान होणारच नाही. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांश नीट भरा. मोबाईलने व्हिडिओ काढायचा तर एक्सपोजर लॉक करा, नाहीतर चंद्राचा पांढरा भोपळा तेवढा मिळेल. दिवसाढवळ्याची पिधानंही असतात, पण सूर्याच्या आसपास बायनॉक्युलर फिरवू नका, डोळा जाईल.

आणि सरांची बाजूही सांगते. बघितल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाचा पाव सेकंद जातोच, तेवढ्यात चंद्र पाव किलोमीटर पुढे गेलेला असतो, आणि हे मला त्यांनीच शिकवलं. त्याआधीच्या वर्षी मी दोनदा खरोखरच घाईने 'गेली!' म्हणून ओरडले होते. तेव्हा त्यांना संशय येणं साहजिक होतं. माझ्याकडे व्हिडिओ नाही, पुरावा म्हणाल तर ते सात सेकंद.

ज्येष्ठेची सध्याची मालिका ऑगस्ट 2028 ला संपते, त्यानंतर थेट 2040 च्या दशकात. तोवर वद्य पक्षातलं एखादं पिधान तुमच्या जागेवरून दिसणार असेल तर लहानशी दुर्बीण अंधाऱ्या कडेवर लावून बसा, दोन्ही वेळा लिहा आणि इथेच कळवा. मी त्या सरांना पाठवते.