ठिबकच्या नळ्यांचं यान आणि जवसाची लाळ

परग्रहवासी आणि अंतराळयानांच्या रूपाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांनी मोबाइलवर लघुपट काढायला घेतला आहे. पीव्हीसी पाइप आणि थर्माकोलचं दोन फुटी यान केलं, वर चंदेरी स्प्रे मारला. थर्माकोल विरघळला, आणि जे उरलं ते पडद्यावर खेळणंच दिसतं. काय चुकलं?
— एक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : थर्माकोलचं आधी. स्प्रेच्या डब्यातलं द्रावक थर्माकोल खातं. पांढऱ्या गोंदाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारा रंग ब्रशने लावा. पीव्हीसीवर रंग टिकत नसेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तिची चकाकी घालवा.

यान खेळणं दिसतं ते मापामुळे. ते खऱ्यात केवढं आहे हे पहिल्या दिवशी ठरवा. दोन फूट म्हणजे साधारण ६० सेंमी. खरं यान ६० मीटरचं धरलं तर प्रमाण १:१०० झालं. आता माणूस १७ मिलिमीटरचा आणि दरवाजा दोन सेंटिमीटरचा. मुलांनी एक इंचाच्या गोल खिडक्या काढल्या असतील तर त्या अडीच मीटरच्या झाल्या, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याने यान लगेच लहान केलं. खिडकी पाच मिलिमीटरच्या वर नको.

वरच्या बारीक कामासाठी पैसे घालवू नका. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी यानं करणाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाडा-विमानांच्या प्लास्टिक संचांचे सुटे भाग काढून यानांवर चिकटवले होते. तुमच्याकडे त्याहून सोपा माल आहे: ठिबक सिंचनाचे जॉइनर, टी, एल्बो, एंड कॅप, तोट्या. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी नळी, १:१०० मध्ये माणसाच्या उंचीएवढी जाड इंधननळी होते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. ठिबकची नळी पॉलिथिनची असते, तिला फेविकॉल धरत नाही, फेविक्विकही दोन दिवसांत सुटतं. म्हणून गोंदाच्या भरवशावर राहू नका. भोक पाडून बारीक स्क्रूने किंवा तारेने बांधा, आणि रंग सगळं बसवून झाल्यावर द्या. दुसरं, फवारणी पंपाचे वापरलेले भाग किंवा औषधाचे रिकामे डबे मुलांच्या हातात देऊ नका. धुतले असले तरी नाही.

सगळीकडे सारखे तुकडे चिकटवले की यान भंगाराच्या दुकानासारखं दिसतं. इंजिनाजवळ, जोडांवर, दरवाजाभोवती गर्दी करा आणि मोठे पत्रे मोकळे सोडा. नजरेला थांबायला जागा लागते. चंदेरी रंग काढूनच टाका. आधी सगळं एकाच मळकट करड्या रंगात, मग पाण्यासारखा पातळ काळा रंग फटींमध्ये सोडून वरून फडक्याने पुसा. खाचा उठून दिसतील.

चित्रीकरण ट्यूबलाइटखाली करू नका. अंतराळात सूर्य एकच, सावली कडक. दुपारी अंगणात काळं कापड लावा, यान सरळ उन्हात ठेवा आणि आजूबाजूची पांढरी भिंत झाका, नाहीतर तिचा उजेड सावलीत शिरतो. यान धुळीत उतरताना दाखवायचं असेल तर मोबाइलचा स्लो मोशन लागेल. हिशेब असा: प्रमाणाचं वर्गमूळ काढा, तितक्या पट वेगाने टिपा. १०० चं वर्गमूळ १०, म्हणून २४ च्या ऐवजी सेकंदाला २४० फ्रेम. फोन १२० च्या वर जात नसेल तर १:२५ चं यान करा, कारण २५ चं वर्गमूळ ५. हे न केल्यास धूळ टपकन खाली बसते आणि सगळं कळून येतं. धुळीसाठी चुलीतली राख वस्त्रगाळ करून घ्या. इतक्या वेगाला घरातले स्वस्त एलईडी बल्ब लुकलुकतात, उन्हाची ती भानगड नाही.

प्रश्न : यान मागून-पुढून जाताना आकाशात तारे किती दाखवावेत?
— अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : यानावर ऊन असेल तर एकही नाही. उन्हातल्या पांढऱ्या पत्र्याला साजेसा प्रकाश कॅमेऱ्यात घेतला की तारे उमटत नाहीत. चंद्रावर काढलेल्या अपोलोच्या फोटोंत आकाश काळंकुट्ट आहे ते यामुळेच. यान सावलीत असताना हवे तेवढे टाका.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ च्या रात्री आमच्या भागात आकाशातून जळत काहीतरी गेलं आणि लाडबोरीत लोखंडी कडं पडलं. आसपासच्या वावरांत गोळेही सापडले. सिनेमातली यानं अशी का नसतात? ती तर धारदार, टोकदार असतात.
— एक कास्तकार, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : तुमच्या गावाने जे पाहिलं ते यान-रचनेचा उत्तम धडा आहे. ते कडं सुमारे तीन मीटर व्यासाचं होतं. चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा तो तुकडा असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. गोळे म्हणजे दाबाखालचा वायू भरायच्या टाक्या. आतला दाब सगळीकडे सारखा ढकलतो, आणि तो कमीत कमी धातूत पेलायचा तर गोलासारखा दुसरा आकार नाही. चौकोनी टाकीचा ताण कोपऱ्यांत गोळा होतो आणि ती तिथूनच फाटते. माणसं बसतात त्या कोठीलाही हेच लागू आहे, म्हणून खऱ्या यानांच्या कोठ्या गोल किंवा नळकांड्यासारख्या आणि खिडक्या लहान, कोपरे गोलावलेल्या.

टोकदार नाक हवेत लागतं, हवा नसेल तिथे त्याचा उपयोग नाही. उलट हवेत परतणाऱ्या यानाचा खालचा भाग बोथट लागतो, म्हणजे तापलेल्या हवेचा थर जरा पुढे राहतो आणि यान कमी भाजतं. सिनेमावाले टोक ठेवतात, कारण पाहणाऱ्याला यान कुठल्या दिशेने चाललंय ते एका नजरेत कळावं लागतं. ही तडजोड आम्हाला मान्य आहे. मान्य नाही ते उष्णता टाकायच्या पट्ट्यांचं गायब होणं. अंतराळात वारा नाही, उष्णता फक्त प्रकाशासारखी फेकूनच बाहेर जाते, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मोठमोठे पांढरे पट्टे पसरलेले आहेत. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधल्या 'डिस्कव्हरी' यानावरून मात्र असे पट्टे काढून टाकले, कारण प्रेक्षक त्यांना विमानाचे पंख समजले असते.

त्याच चित्रपटात गुरुत्व आणण्यासाठी फिरणारं चाक आहे. सेट ३८ फूट व्यासाचा होता. एवढ्या चाकात पृथ्वीइतकं वजन आणायचं तर मिनिटाला बारा फेरे लागतील, आणि उभ्या माणसाच्या डोक्याला पायांपेक्षा जवळपास तीस टक्के कमी वजन जाणवेल. दोन पावलांत मळमळेल. मिनिटाला दोनच फेरे ठेवायचे असतील तर त्रिज्या सव्वादोनशे मीटर लागते. तुमच्या कथेत चाक असेल तर ते मोठं आणि संथ ठेवा.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकात या हंगामात परग्रहावरचा प्राणी आणायचा आहे. रबराचा मुखवटा घरी होईल का? तोंडातून लाळ गळायला हवी. गेल्या वेळी आतून व्हॅसलीन लावून रबर ओतलं, ते जमलंच नाही.
— वडसा, जि. गडचिरोली

उत्तर : व्हॅसलीननेच घात केला. द्रव लेटेक्स प्लास्टरच्या साच्यात जमतं कारण कोरडं प्लास्टर त्यातलं पाणी शोषतं. तेलकट थर दिला की शोषणं बंद. शाडूच्या मातीत चेहरा घडवा, त्यावर प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्या, भिंत दोन-तीन सेंटिमीटर जाड. साचा आठवडाभर उन्हात वाळवा, ओलसर साच्यातही रबर धरत नाही. मग भाग घट्ट बांधून लेटेक्स काठोकाठ भरा, बाहेरून टिचक्या मारून बुडबुडे काढा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि उरलेलं परत डब्यात ओता. आत सुमारे दोन मिलिमीटरचं कातडं राहतं. साचा उलटा ठेवून दिवसभर वाळू द्या. काढण्याआधी आत टाल्कम पावडर भरपूर फिरवा आणि सोलताना बाहेरच्या अंगालाही लावत जा. पावडर विसरलात तर रबर रबराला चिकटतं आणि सुटत नाही. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, काम उघड्या पडवीत करा. नुसता ॲक्रिलिक रंग हसताना तडकतो, तो थोड्या लेटेक्समध्ये कालवून लावा. नाकाशी श्वासाला भोकं ठेवा, आणि रबराची ॲलर्जी असलेल्या नटाला हा मुखवटा घालू नका.

लाळेसाठी १९७९ च्या 'एलियन' चित्रपटात दवाखान्यात वापरतात ती जेली लावली होती. तुमच्याकडे जवस आहे. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, आठ-दहा मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार सुटले की गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर फडक्यातून थेंबही उतरत नाही. दुसऱ्या दिवशी आंबतं, रोज ताजं करा.

मंचावर शेवटच्या रांगेला सुरकुत्या दिसणार नाहीत, बाह्याकृतीच दिसेल. 'एलियन'साठी स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी लांबट डोकं दिलं आणि डोळे दिसूच दिले नाहीत. तो प्राणी कुठे बघतोय तेच कळत नाही, म्हणून भीती वाटते. आत बोलाजी बडेजो हा जवळपास सात फुटी, सडपातळ तरुण होता, त्यामुळे हातपाय माणसाचे वाटेनात. उलट प्रेम वाटायला हवं असेल तर 'कोई मिल गया'तल्या जादूसारखं मोठं डोकं, मोठे डोळे, बारीक हनुवटी. बाळाचा चेहरा असाच असतो.

प्रश्न : बोंडअळी हत्तीएवढी करून राक्षस दाखवला तर?
— दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नुसती मोठी केली तर पटणार नाही. लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं, पायांच्या छेदाचं क्षेत्र मात्र शंभरपटच. ते पाय मोडतील. पाय जाड करा किंवा तिला पाण्यात ठेवा. कीटक अंगावरच्या छिद्रांतून श्वास घेतात, एवढ्या देहाला ते पुरत नाही, म्हणून कल्ले किंवा भाता दाखवा.

त्यापेक्षा तिच्या शत्रूकडे बघा. कपाशीत ट्रायकोकार्ड, म्हणजे परजीवी पडलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, लावता. त्यातून निघणारी ट्रायकोग्रामा ही बारीक परजीवी माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिचं पिल्लू ते आतून खाऊन बाहेर पडतं. काही परजीवी माश्या जिवंत अळीतच अंडी घालतात. 'एलियन'मधल्या प्राण्याचा जीवनक्रम याच चालीचा आहे. कार्डावरच्या परजीवी पडलेल्या अंड्यांचा रंग काळपट होतो. मोबाइलला मॅक्रो भिंग लावून पऱ्हाटीच्या पानावर ती अंडी टिपा, राक्षसाची अंडी कशी दिसावीत ते तिथेच ठरेल.