पानिपतला पहिल्यांदा जाताय? एवढं लक्षात ठेवा

आधी शहरातलं संग्रहालय बघा, मगच काला आंब, म्हणजे मराठे-अब्दाली लढाईची (१७६१) जागा. पानिपतच्या लढाया तीन: १५२६, १५५६ आणि १७६१. नवखे त्यांची हमखास सरमिसळ करतात.

दुसरी चूक म्हणजे किल्ला, तटबंदी शोधत फिरणं. काला आंबला विटांचा स्मारकस्तंभ आहे, भोवती सपाट मुलूख. तिथे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. समोर दिल्लीची वाट, ती अडवून बसलेला अब्दाली. तुमच्या बाजूला मराठे: डावीकडे, यमुनेच्या अंगाला, तोफखान्यासह इब्राहिमखान गारदी, मध्ये भाऊसाहेब आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. अख्खी लढाई तिथेच उलगडते, घाई करू नका!

१४ जानेवारीला, म्हणजे १७६१च्या लढाईच्या दिवशी, गर्दी असते, धुकंही. पहिल्या खेपेला फेब्रुवारी बरा. संग्रहालयाची सुट्टी आधी विचारून घ्या. कुंजपुरा, बुराडी घाट ही मराठे-अब्दाली संघर्षातली आणखी ठिकाणं पुढच्या वेळी.