वडील वारले तरी पीएम किसानचे हप्ते येतायत, काढू का?

नका काढू. तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन आठ महिने झाले, त्यांच्या खात्यावर दोन-दोन हजार येतच आहेत, एटीएम कार्ड घरात आहे, तर काढले तर चालतील का आणि तुमच्या नावावर कसं करायचं. मी याच पैशापायी १६ हजार भरून बसलोय म्हणून सांगतो.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, २०१९ च्या डिसेंबरात गेले. कार्ड दादाकडे होतं, तो पुण्याला असतो, दवाखान्याच्या वेळी अण्णांनीच दिलेलं. मला वाटलं त्याने खातं बंद केलं असेल. वारस नोंदीचं विचारलं की म्हणायचा दिवाळीला आलो की जाऊ तलाठ्याकडे, अशा तीन दिवाळ्या गेल्या. मग ईकेवायसी आली, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची, मेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार, हप्ते थांबले. पुढं तहसीलची नोटीस, आणि ती पुण्याला कशाला जाईल, पत्ता गावचा. कोतवाल आला तेव्हा सोयाबीनची रास चालू होती, मळणीयंत्राच्या आवाजात तो काय म्हणतोय तेच कळेना, भुसा झटकून कागद वाचला तर मयत लाभार्थी, आठ हप्ते, १६,००० वसूल. पासबुक छापून आणलं. हप्ता पडला की दोन दिवसांत पुण्यात २,००० काढलेले, एकदाही चुकलं नाही. फोन केला तर म्हणे तेराव्याचा खर्च मीच केला ना! अहो तेराव्याचा गहू, डाळ, तेल माझ्या घरचं, त्याने मंडप आणि आचारी दिला, हे मी आजही कुणाहीसमोर सांगेन. भरले शेवटी मीच, सोयाबीन विकून. १३५० ने डीएपी खताच्या अकरा पिशव्या आल्या असत्या त्यात.

तर तुम्ही आधी मृत्यूचा दाखला बँकेत द्या, खातं थांबवा, वडील गेल्यानंतर पडलेले हप्ते परत करा आणि पावती घ्या. कार्ड भावाकडे असेल तर आजच मागून घ्या, लाजू नका, लाजण्यातच माझे गेले. वारस फेरफाराचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून पण टाकता येतो, सातबाऱ्यावर नाव चढलं की फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून पीएम किसानच्या पोर्टलवर नवीन नोंदणी. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेल्या जमिनीला पैसे नाहीत असं सेतूवाला तोंडावर सांगेल, पण वारसाने आलेली जमीन त्यातून सुटते, ऐकून परत येऊ नका.

माझं मत विचाराल तर ही योजना कसणाऱ्याची नाहीच, सातबाऱ्यावाल्याची आहे. आमच्या शेजारी बटईने सहा एकर करणारा आहे, त्याला रुपया नाही, मालक शहरात बसून घेतो. दादाचं पण नाव आता सातबाऱ्यावर आहे, पण टॅक्स भरतो म्हणून त्याला मिळत नाही, तेवढंच बरं वाटतं.

हां, तुम्ही किंवा बायको इन्कम टॅक्स भरत असाल तर नोंदणीच्या भानगडीत पडू नका, ते पण वसूल होतात. आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे २,००० पीएम किसानच्याच यादीवरून पडतात, त्यामुळे पासबुकात दोन्ही वेगवेगळे बघा, तुम्ही मोजलेत त्यापेक्षा जास्त निघू शकतात.