ते 'आय नो, आय नो' नेमकं आलं कुठून?

प्रश्न : अमेरिकन गायक बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' माझं आवडतं गाणं आहे. मित्र म्हणतो की मधे तो जे 'आय नो, आय नो' करत बसतो ते रेकॉर्डिंगच्या वेळी शब्द विसरला म्हणून, वेळ मारून नेली आणि तेच रेकॉर्डवर आलं. खरंय का? शिवाय म्हणे हा माणूस तेव्हा विमानातले संडास बनवायचा, ही तर थापच असणार ना?

उत्तर : थाप वाटते तीच गोष्ट खरी आहे बघा, आणि मित्राचं निम्मं बरोबर. विसरला नव्हता, त्या जागेचे शब्द लिहायचेच राहिले होते. पुढे लिहू म्हणून तिथे तात्पुरतं 'आय नो' म्हणून ठेवलेलं, पण स्टुडिओत प्रोड्युसर बुकर टी. जोन्स होता, गिटारला स्टीफन स्टिल्स होता, ही सगळी आधीच नाव कमावलेली मंडळी, आणि ती म्हणाली की राहू दे असंच. विदर्सने ऐकलं. नंतर तो स्वतःच सांगायचा की मी कारखान्यातला कामगार, आणि एवढे अनुभवी लोक सांगतायत तर मी कशाला वाद घालू. मला तर वाटतं एखादा मुरलेला गायक असता ना तर हट्टाने तिथे दुसरं कडवं घातलं असतं आणि गाण्याची वाट लावली असती. मोजून बघा, २६ वेळा आहे ते. आणि तेवढा वेळ मागे जवळजवळ नुसते ड्रम चालू असतात, त्यामुळे माणूस स्वतःशीच पुटपुटतोय असं वाटतं, सगळं कळतंय पण वळत नाहीये, तसं.

आता कारखान्याचं. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणींच्या गावात १९३८ चा जन्म, लहानपणापासून तोतरा, मग नऊ वर्षं अमेरिकन नेव्हीत, आणि १९६७ मधे लॉस एंजेलिसला आला. तिथे बोइंग ७४७ विमानांच्या टॉयलेटचं काम करायचा आणि पगारातून पैसे वाचवून स्वतःच्या गाण्यांचे डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायची नमुना रेकॉर्डिंग, बनवायचा. 'जस्ट ॲज आय ॲम' हा पहिला अल्बम १९७१ मधे आला तेव्हा वय तिशीच्या पुढे, म्हणजे या धंद्यात म्हाताराच! कव्हरवर हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे ना, तो फोटो स्टुडिओतला नाही, लंच ब्रेकमधे कारखान्यातच काढलाय. गाणी चालतील याचा भरवसा नाही म्हणून नोकरी सोडली नव्हती पठ्ठ्याने.

गाणं सुचलं ते एका सिनेमावरून, 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस', १९६२ चा. जॅक लेमन आणि ली रेमिक, दोघं नवराबायको, दोघं दारूत बुडालेले, कधी हा सावरतो तर कधी ती. जे आपल्याला बरबाद करतंय त्याचीच ओढ लागते, हे त्याच्या डोक्यात राहिलं. म्हणून हे गाणं साधं विरहगीत समजून ऐकू नका, गाण्यातली ती घरात नसली की अंधार होतो हे खरं, पण तिचा नाद सोडायला हवा हेही तो त्यातच म्हणतो.

आणि गंमत म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा भरवसा या गाण्यावर नव्हताच, सिंगलच्या (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीच्या) पुढच्या बाजूला त्याचंच 'हार्लेम' हे गाणं होतं आणि हे मागे टाकलेलं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून हेच वाजवायला सुरुवात केली आणि जेमतेम दोन मिनिटांचं हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, पुढे ग्रॅमीही मिळालं. रेकॉर्ड गोल्ड झाल्यावर, म्हणजे प्रचंड खपून तो मान मिळाल्यावर, कंपनीने त्याला भेट काय दिली माहितीये? सोनेरी टॉयलेट सीट.