वाचकांचे प्रश्न : मुंबई मॅरेथॉन

प्रश्न : मुंबई मॅरेथॉन कधीपासून भरते? आणि धावताना जीपीएस घड्याळात ४२.१९५ ऐवजी ४२.६ किमी का दिसतात? मार्ग चुकीचा मोजलेला असतो का?

उत्तर : पहिली शर्यत फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. पुढे जानेवारीतला तिसरा रविवार ठरून गेला. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ मध्ये ती झाली नाही. २०१० पासून मार्गात वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. पुरुषांचा मार्गविक्रम २०२३ चा, इथिओपियाच्या हायले लेमीचा : २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद.

मोजणीत चूक नसते. मार्ग खास मोजणीयंत्र लावलेल्या सायकलने, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमी अंतर राखून मोजतात. शिवाय शर्यत आखूड भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर, म्हणजे सुमारे ४२ मीटर, मुद्दाम वाढवतात. तुम्ही मात्र गर्दीतून नागमोडी धावता, वळणे बाहेरून घेता. त्यात उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतो.

म्हणून वेगाचा हिशेब घड्याळावर नव्हे, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर करा. घड्याळच पाहायचे असेल, तर चार तासांच्या उद्दिष्टासाठी त्यावर किलोमीटरला ५:४१ मिनिटांऐवजी ५:३७ चा वेग धरा.

आणि खरी परीक्षा परतीच्या पेडर रोडच्या चढावर. तिथे पाय आधीच रिकामे झालेले असतात, ऊनही चढलेले. पावले आखूड टाका, किलोमीटरमागे २०-३० सेकंद गेले तर जाऊ द्या. चढावर वेळ भरून काढायला जाणारे पुढे मरीन ड्राइव्हवर चालताना दिसतात.